अफवा मराठीत, सूचना कन्नडमध्ये

2025 च्या जुलैमधली गोष्ट. खानापूर तालुक्यात भात लावणीचे दिवस, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्या गावच्या आशा ताई डोक्यावर प्लास्टिकची खोळ आणि पदराखाली रजिस्टर झाकून दारात आल्या. चुलत वहिनीचं बाळ नऊ महिन्यांचं झालेलं, त्याला गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. वहिनी आतूनच म्हणाली, "आज नको ताई, पोराला सर्दी झालीय." ताई गेल्या. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा घरातून निरोप मिळाला, वहिनी लावणीला गेलीय. ती गेली नव्हती. माळ्यावर बसली होती. मी खाली पुस्तक उघडून बसलो होतो, त्यामुळे मला ठाऊक होतं.

मी बेळगावात राज्यशास्त्र शिकतो, शनिवार-रविवार गावी येतो. संध्याकाळी वहिनीला विचारलं, "ताईंना टाळतेस कशाला?" तिने काही न बोलता मोबाईल माझ्यापुढे धरला. एक व्हिडिओ होता. मागे हृदयाच्या ठोक्यांची लाल रेघ, पुढे स्वच्छ मराठीत बोलणारा माणूस. हासनमध्ये चाळीस दिवसांत वीसहून जास्त माणसं हार्ट अटॅकने गेली, त्यात तरुण पोरं किती, आणि कारण एकच, लस.

"हे खोटं आहे गं," मी म्हणालो.

"खोटं कसं? तुम्हीच टाकलंय की ग्रुपवर, भाऊजी."

खरंच मीच टाकलं होतं. घरच्या ग्रुपवर, चार दिवसांपूर्वी, खाली 'सगळ्यांनी काळजी घ्या' लिहून. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलासुद्धा नव्हता. हासनची बातमी सगळीकडे गाजत होती, मी बसमध्ये होतो, अंगठा दाबला आणि विसरलो. वहिनी विसरली नाही. घरात कॉलेजला जाणारा मी एकटा, मग मी टाकलंय म्हणजे काहीतरी असणारच.

मित्रांनो, या लेखात मला दुसऱ्या कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. मी जे केलं त्याचा माग काढायचाय. हासनमधली एक बातमी, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरच्या आमच्या गावात येईपर्यंत एका बाळाची गोवरची लस कशी अडवते? आणि आपल्या सीमाभागात ती जरा जास्तच सहज कशी अडवते?

आधी हासनमध्ये काय झालं ते बघू. 2025 च्या मे अखेरपासून जून अखेरपर्यंत, साधारण चाळीस दिवसांत, या जिल्ह्यात वीसहून अधिक जण हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या आल्या. काही जण विशी-तिशीतले होते. रोज एक नवा फोटो, रोज आकड्यात एकाची भर. 1 जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी समाजमाध्यमांवर लिहिलं, की या मृत्यूंचा अभ्यास करायला जयदेव हृदयरोग संस्थेचे संचालक डॉ. रवींद्रनाथ यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आहे. त्याच मजकुरात त्यांनी असंही म्हटलं, की कोविड लशीला घाईने दिलेली मंजुरी हेही कारण असू शकतं, ते नाकारता येत नाही. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने हे फेटाळलं आणि आयसीएमआर व एम्सच्या अभ्यासांचा हवाला दिला. आयसीएमआरचा अभ्यास काही त्या आठवड्यात घाईघाईने झालेला नव्हता, तो 2023 मध्येच प्रसिद्ध झाला होता. देशभरातल्या 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयाच्या, अचानक मृत्यू आलेल्या माणसांची माहिती घेऊन तो केला होता. लशीमुळे अशा मृत्यूचा धोका वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष. धोका वाढवणाऱ्या गोष्टी त्यात वेगळ्या सापडल्या: कोविडने पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घराण्यात कुणी असं अचानक गेलेलं असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू पिणं, अंगाबाहेरचे श्रम करणं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राज्य सरकारच्या समितीचं म्हणणंही समोर आलं. हासनमधले 24 मृत्यू तपासले होते. त्यातले 20 हृदयाशी संबंधित निघाले, चौघांची कारणं वेगळीच होती. लशीशी संबंध आढळला नाही.

हे सगळं छापून आलं होतं, टीव्हीवर दाखवलं होतं, लपवलेलं काही नव्हतं. पण आमच्या घरच्या ग्रुपवर यातलं काय पोचलं, ते मी नंतर वर सरकवत सरकवत मुद्दाम मोजलं. 'लशीमुळे मृत्यू' सांगणाऱ्या सात पोस्ट, वेगवेगळ्या नातेवाइकांच्या, त्यातली एक माझी. समितीचा निष्कर्ष सांगणारी एकही नाही. भीती उत्पन्न करणारा अर्धा भाग आमच्या घरात आला आणि ती उतरवणारा अर्धा भाग रस्त्यातच राहिला.

असं का होतं? आमच्या अभ्यासक्रमात माध्यमं आणि जनमत असा एक भाग आहे. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1968 च्या निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या मतदारांना विचारलं, तुम्हाला महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात? माध्यमं ज्या प्रश्नांना ठळक जागा देत होती, लोकांनी जवळपास तेच प्रश्न, जवळपास त्याच क्रमाने सांगितले. 1972 मध्ये त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोप्या भाषेत सांगायचं, तर माध्यमं आपल्या डोक्यात मत घालतीलच असं नाही, पण आपण कशाबद्दल मत बनवायचं हे बऱ्याचदा तीच ठरवतात. परीक्षेत हे उत्तर मी दहा मार्कांना लिहिलंय. बसमध्ये अंगठा दाबताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

हासनच्या बातमीत ही ठळक जागा मोजणीने तयार केली. आज सतरावा, आज अठरावा, आज विसावा. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. एकदा मोजणी सुरू झाली, की त्या जिल्ह्यातला हृदयविकाराचा प्रत्येक मृत्यू त्या रांगेत जाऊन बसतो. आधीच्या महिन्यात तसाच मृत्यू झाला असता, तर तो त्या घरापुरता राहिला असता.

मी रात्री वहीवर एक हिशेब केला. 2011 च्या जनगणनेत हासन जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 17 लाख 76 हजार होती. आपल्याकडे वर्षाला दर हजार माणसांमागे साधारण सहा ते सात मृत्यू होतात. त्या हिशेबाने एवढ्या लोकसंख्येत सगळ्या कारणांनी मिळून रोज तीसच्या आसपास आणि चाळीस दिवसांत बाराशेच्या आसपास माणसं जातात. हा ढोबळ अंदाज आहे, पण बाराशे हा आकडा शेजारी ठेवला, की वीस-चोवीसचा अर्थ बदलतो. ते मृत्यू किरकोळ होते असं मी म्हणत नाही. विशी-तिशीतला मुलगा गेला, तर त्या घराला कुठलंच गणित समजावून सांगता येत नाही. पण 'जिल्ह्यात काहीतरी अघटित चाललंय' हे म्हणायला नुसते वीस पुरत नाहीत. गेल्या वर्षी याच दिवसांत किती गेले होते, हेही विचारावं लागतं. मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत तो आकडा नव्हता.

आणि लोकांनी काय केलं? बंगळूर आणि म्हैसूरच्या जयदेव रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या. छातीत दुखत नसलेली माणसंही ईसीजी काढायला पहाटेपासून उभी. त्यांना हसायचं कारण नाही. त्यांच्या हातात जी माहिती होती, तिच्यावर त्यांनी जे सुचलं ते केलं. पण हृदयाच्या रुग्णालयात गर्दी झाली, की ज्याला खरंच त्रास होतोय तो त्याच रांगेत मागे सरकतो. आणि आमच्या वहिनीसारखी माणसं रांगेतच जात नाहीत, ती माळ्यावर जाऊन बसतात.

कुणाला वाटेल, खेड्यातली कमी शिकलेली माणसं, म्हणून असं होतं. तसं नाहीये. 1995 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने ते 'दुप्पट' उचलून धरलं. माहिती खोटी नव्हती. पण दुप्पट म्हणजे किती? आधी सात हजार बायकांमागे एकीला व्हायची, आता सात हजारांमागे दोघींना. हे दुसरं वाक्य फारसं कुणी ठळक केलं नाही. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या, नको असताना दिवस गेले, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13 हजार गर्भपात वाढले. गर्भारपणात रक्ताची गाठ होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही गोष्ट वेगळीच. शिकलेला देश, मोठाली वर्तमानपत्रं, आणि खरी माहिती असूनही असं झालं.

आपल्याकडेही 2024 च्या एप्रिल-मेमध्ये तेच झालं. कोविशील्डचं मूळ सूत्र ज्यांचं, त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात दिलेल्या कागदात म्हटलं, की अत्यंत क्वचित या लशीमुळे रक्ताच्या गाठीचा एक दुर्मीळ आजार होऊ शकतो. चॅनेलवर 'कंपनीची कबुली' म्हणून पट्ट्या फिरल्या. खरं तर युरोपच्या औषध नियामकाने हाच अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम 2021 च्या एप्रिलमध्येच जाहीर केला होता. आणि तो होतो तेव्हा डोस घेतल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही. पण पट्टीत तीन शब्द मावतात, एवढं मावत नाही. आमच्या काकांनी त्या आठवड्यात चार रात्री झोप काढली नव्हती. एका वर्षाने हासनची बातमी आली, तेव्हा ती या आधीच नांगरून ठेवलेल्या रानात पडली.

इथवरचं कुठेही घडू शकतं. आता आपल्या भागाकडे येतो.

आमची वहिनी माहेरची चंदगडची. शाळा मराठी, कन्नडचा एक शब्द वाचता येत नाही. लग्न होऊन सीमेच्या अलीकडे आली. अशा किती सुना, किती आया आपल्या गावागावांत आहेत हे तुम्हाला सांगायला नको. बाळ झाल्यावर तिला दवाखान्यातून कार्ड मिळालं. त्यावर सगळं आहे: कुठली लस कधी, कशासाठी, नंतर ताप आला तर काय करायचं. सगळं कन्नडमध्ये. वहिनीने ते कार्ड कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवलं होतं. जपून ठेवलं होतं, पण वाचलं कधीच नव्हतं.

म्हणजे बघा, तिच्या बाळाबद्दलची खरी माहिती तिच्याच कपाटात होती, तिला न वाचता येणाऱ्या लिपीत. आणि खोटी माहिती तिच्या हातातल्या मोबाईलवर होती, तिच्या भाषेत, ठणठणीत आवाजात, घरच्या शिकलेल्या मुलाने पाठवलेली. या दोघांत कोण जिंकणार?

दुसरी गंमत आपल्या टीव्हीची. आपण बातम्या मराठी चॅनेलवर बघतो. ती चॅनेल मुंबई-पुण्याहून चालतात. 2021 च्या एप्रिलमध्ये मी पीयूसीत होतो. महाराष्ट्रात 14 तारखेच्या रात्रीपासून निर्बंध लागले, कर्नाटकात 27 तारखेपासून. मधले जवळपास दोन आठवडे आमच्या गावात रोज भांडण: दुकान उघडायचं की नाही, लग्नाला किती माणसं, लस कुणाला आणि कुठे. टीव्ही जे सांगत होता ते नियम आमचे नव्हते. जे नियम आमचे होते ते टीव्ही सांगत नव्हता. आपण राहतो एका राज्याच्या आरोग्य यंत्रणेत आणि घाबरतो दुसऱ्या राज्याच्या बातम्यांनी. या दोहोंच्या मधली जी मोकळी जागा आहे, तिथे फॉरवर्ड येऊन बसतात.

यात कन्नडला दोष द्यायचा नाही, एवढं स्पष्ट लिहितो. हासनच्या समितीची बातमी मला सगळ्यात नीट कळली ती कन्नड वर्तमानपत्रातून. माझ्या मराठी शाळेतल्या कन्नडच्या मास्तरांचे त्यासाठी उपकारच. आमच्या दवाखान्यातले कन्नड डॉक्टर तोडक्या मराठीत म्हाताऱ्यांशी बोलतात, तेही रोज बघतो. प्रश्न असा आहे, की औषधाबद्दलची सूचना ज्या माणसाच्या अंगाला लागणार, त्याला ती वाचता आली पाहिजे की नको?

आणि हे मागणं काही उपकाराचं नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर जी संरक्षणं ठरली, त्यात हे आहे: जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्या भाषेचे लोक 15 टक्के किंवा जास्त असतील, त्या भाषेत महत्त्वाच्या सूचना आणि नियम प्रसिद्ध व्हावेत. आपल्या खानापूर तालुक्यात मराठी बोलणारे त्याच्या कितीतरी वर आहेत. या संरक्षणांवर लक्ष ठेवायला घटनेच्या 350 ब कलमात एक अधिकारीही नेमलेला आहे. आपण मराठी कागदपत्रं मागतो तेव्हा उताऱ्याची मागतो, मतदार यादीची मागतो, बसच्या पाटीची मागतो. मागायलाच हवीत. पण लसीकरणाच्या कार्डाची मागणी कुठल्या निवेदनात वाचल्याचं मला आठवत नाही. त्या यादीत आता हीसुद्धा एक ओळ घालूया.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता: सूचना मराठीत द्या, प्रश्न मिटला. पण वहिनीशी बोलताना कळलं, की भाषा हा अर्धाच भाग आहे.

पुढच्या रविवारी मी ते कार्ड घेऊन बसलो आणि ओळीन् ओळ मराठीत वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं बरोबर असेल. पण साडेतीन महिन्यांचा असताना सुई दिली, तर रात्रभर ताप. मी एकटी जागत होते. मला कुणी सांगितलं होतं का, ताप येईल म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. त्या एका रात्रीने तिच्या मनात शंका पेरली होती. माझ्या व्हिडिओने फक्त त्या शंकेला पाणी घातलं.

शंका घेणारी माणसं मूर्ख असतात असं मला आता वाटत नाही. 1897 चा पुण्याचा प्लेग आठवा. तेव्हाही अफवा होत्या, तेव्हाही लोक रुग्ण लपवत होते. पण गोरे सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसांना ओढून नेत होते, हेही खरं होतं. लोकांच्या भीतीला कारण होतं. त्या वेळी टिळकांनी 'केसरी'तून प्लेग कमिटीच्या पद्धतीवर कोरडे ओढले आणि दुसरीकडे प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय काढायला पुढाकारही घेतला. सावित्रीबाई फुले तर प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच त्या साथीत गेल्या. सरकारला जाब विचारायचा, आणि आजाराबद्दल लोकांशी खरंही बोलायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. हासनच्या वेळी बऱ्याच जणांनी पहिलंच केलं, कारण त्यात पाहणारे जास्त मिळतात.

माध्यमांना सरसकट झोडायचंही मला पटत नाही. हासनच्या बातम्या आल्याच नसत्या, तर समिती नेमली गेली नसती. रुग्णालयाबाहेर अचानक होणाऱ्या मृत्यूंची नोंद सक्तीची करायचं कर्नाटक सरकारने त्यानंतरच ठरवलं. ही चांगली गोष्ट आहे, आणि ती बातम्यांमुळे झाली. बातमी द्यावीच. पण विसावा मृत्यू पहिल्या पानावर आणि समितीचा अहवाल आतल्या पानावर, असं करू नये. ज्या आवाजात भीती सांगितली, त्याच आवाजात उत्तर सांगावं.

आता बाळाचं सांगतो. आशा ताईंना मीच फोन केला. त्या आल्या, चहा घेतला, आणि कार्ड उघडायच्या आधी वहिनीला विचारलं, "तुला भीती कशाची वाटते?" मी आठवडाभर समजावत होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. वहिनीने तापाचं सांगितलं. ताई म्हणाल्या, "तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं." मग त्यांनी समजावलं. लस हा एकच शब्द आहे, पण लशी वेगवेगळ्या. कोविडची वेगळी, ही गोवर-रुबेलाची वेगळी. गोवरची लस आपल्या देशात 1985 पासून सरकारी लसीकरणात आहे. तुला दिली, तुझ्या नवऱ्याला दिली, या भाऊजीलाही दिलीय. या लशीनंतर काही पोरांना आठवडाभराने थोडा ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उठतं, दोन-तीन दिवसांत जातं. जास्त वाटलं तर रात्रीसुद्धा फोन कर. हा माझा नंबर, भिंतीवर लिहून ठेव.

गोवर म्हणजे काय, हेही त्यांनी सांगितलं. एका पोराला झाला, तर लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना होऊ शकतो, इतका तो पसरतो. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. कोविडच्या काळात लसीकरण मागे पडलं होतं, त्याची ती किंमत. हे ऐकून वहिनी बाळाकडे बघत राहिली.

ठरल्या दिवसापेक्षा पाच आठवडे उशिरा बाळाला लस मिळाली. आठव्या दिवशी थोडा ताप आला. वहिनी घाबरली नाही, कारण तो येणार हे तिला ठाऊक होतं.

पाच आठवड्यांत आमच्या गावात गोवर आला नाही, हे आमचं नशीब. त्याचं श्रेय माझ्याकडे नाही. आला असता, तर त्यात माझ्या अंगठ्याचाही वाटा असता.

बेळगावात टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे. आपल्यातले कितीतरी जण तिथे सकाळी पळायला जातात, भरतीचा सराव करतात, झाडाखाली बसून गप्पा मारतात. त्या नावाकडे किती जणांनी लक्ष दिलंय? तिथे एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. देवीचे व्रण अंगावर घेऊन जगलेली माणसं आमच्या पणजोबांच्या पिढीपर्यंत गावात होती. आज देवी जगात कुठेच नाही. ज्या शहरात लस तयार होत होती, त्या शहरातल्या तरुणाने बसमध्ये बसून लशीची भीती वाटावी, याची मला लाज वाटली. म्हणून हे लिहिलं.

तुम्हाला तीन गोष्टी सांगतो, त्या मी आधी स्वतःला सांगितल्यात.

एक. आरोग्याचा कुठलाही मेसेज पुढे पाठवायच्या आधी विचारा: किती जणांमध्ये किती? गेल्या वर्षी किती? हे कुणी तपासलं? तिन्हींतलं एकाचंही उत्तर त्यात नसेल, तर तो मेसेज तुमच्याजवळच थांबू द्या. घरात तुम्ही शिकलेले असाल, तर तुमच्या नावाने गेलेली गोष्ट खरी मानली जाते, हे ध्यानात ठेवा.

दोन. आपण मराठी शाळेत शिकलो आणि कन्नडही शिकलो. दोन्ही वाचता येणारी आपली पिढी आहे. शेजारच्या सुनेचं कार्ड, दवाखान्यातली पाटी, सरकारी पत्रक मराठीत वाचून दाखवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. सरकारकडे मराठी मागत राहूच. ते येईपर्यंत कुणाचं बाळ थांबू नये.

तीन. चूक केलीत तर ती जिथे केली तिथेच दुरुस्त करा. मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'मी टाकलेला हासनचा व्हिडिओ चुकीचा होता. समितीने तपासलं, लशीशी संबंध नाही. माझ्यामुळे कुणी लस टाळली असेल तर माफ करा आणि आशा ताईंना भेटा.' त्या व्हिडिओला बावीस अंगठे आले होते. या मेसेजला दोन आले. एक बाबांचा, एक वहिनीचा.

पण त्या रात्री वहिनी माळ्यावर बसून कुणाला तरी आवाजी मेसेज पाठवत होती. चंदगडला तिची धाकटी बहीण आहे, तिचं बाळ सहा महिन्यांचं. जिन्यावरून मला एवढंच ऐकू आलं: "ताप येतोय गं थोडा. येऊ दे. घाबरू नकोस. मी सांगते तुला काय करायचं ते."